कानांचे वय

माणसाचे वय आपण केसांवरून ओळखतो, दातांवरून ओळखतो. परंतु कानांनाही वय असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तरुण कानाला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढले की वरची पट्टी आधी मावळते. हाका, भांडणे, देवळातली घंटा, सारे ऐकू येते. बारीक कुई तेवढी हरवते.

आमचे अण्णा सातवी शिकलेले. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवर त्यांनी घर चालवले. जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे घुमणे ते दारातूनच ओळखत. वीज ५० हर्ट्झची, म्हणून घुमणे १०० चे, जाड, ओळखीचे. आता दुकानात येतात ते हलके अडॅप्टर. गेल्या पावसाळ्यात असाच १२ व्होल्टचा एक अडॅप्टर दुसऱ्यांदा परत आला. गिऱ्हाईक म्हणाले, "पोरगं झोपत नाही. रात्री हा ओरडतो." अण्णांनी तो कानाशी धरला. "काही नाही हो, भास आहे." गिऱ्हाईक काही बोलले नाही, पण त्याची नजर अण्णांच्या पिकल्या केसांकडे गेली.

मी तिथेच होते. म्हटले, "अण्णा, वाजतोय."

या अडॅप्टरमधले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडते-मिटते, बहुधा कानाच्या टप्प्यापलीकडे. मग आवाज का यावा? उत्तर वाचनालयातल्या पुस्तकात सापडले. रात्री टीव्हीचा डबा बंद असला की भार नाममात्र उरतो. तेव्हा वीज वाचवण्यासाठी स्विच थांबून थांबून, झुबक्याझुबक्याने चालते. हे झुबके मात्र कानाच्या टप्प्यात उतरतात आणि त्या तालावर ट्रान्सफॉर्मर किंवा सिरॅमिक कपॅसिटर थरथरतो. दाबाने स्फटिकात वीज उपजते हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. इथे त्याच्या उलट, विजेने सिरॅमिक आकसते-फुगते.

अण्णांनी बाहेरच्या टोकाला छोटा दिवा जोडला. कुई थांबली. दिवा काढला, पुन्हा सुरू. मग प्लॅस्टिकच्या कोरड्या काडीने ते एकेक भाग दाबू लागले. मी सांगत होते, "आहे... आहे... कमी झाला!" काडी ट्रान्सफॉर्मरजवळच्या सिरॅमिक कपॅसिटरवर होती. वीज तोडून, साठलेला भार उतरवून अण्णांनी तिथे त्याच मापाचा, तितकेच व्होल्ट सोसणारा फिल्म कपॅसिटर बसवला.

"गेला?" त्यांनी विचारले.

"गेला."

बी.ए. करून काय करणार, असे मला सारे गाव विचारते. अण्णांनी कधी विचारले नाही. हल्ली परत देण्यापूर्वी ते प्रत्येक अडॅप्टर माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "बघ गं, बोलतोय का?" मी पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेले तर हे कोण ऐकणार, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही मनात आहे. तो मात्र आम्ही दोघेही न ऐकल्यासारखा करतो.