खाली बसून काढलेलं लग्न

कोरियन लग्नात फक्त चेहऱ्यांवर भिस्त ठेवून गेलं, तर निम्म्या फोटोंत नवऱ्याची टोपी आणि नवरीचा मुकुटच येतो. कारण ‘प्येबेक’ या विधीत सगळा कारभार नमस्कारांचा. घडीच्या चित्रपडद्यापुढे, ठेंगण्या मेजामागे आईवडील बसतात आणि समोर दोघं गुडघे टेकून खाली वाकतात. पूर्वी हा मान फक्त सासरच्यांचा असे. आता बऱ्याच घरांत मुलीच्या आईवडिलांनाही तिथे बसवतात, आणि ते बसवावंच असं माझं मत आहे.

हे लग्न शिकागोतलं, डिसेंबरमधलं, एका लहानशा कलादालनातलं. माणसं मोजकीच. त्या दिवसांत तिथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून विधी दुपारी दोनलाच उरकून घ्या, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. कडाक्याच्या थंडीतून आत आलं की कॅमेरा लगेच पिशवीबाहेर काढता येत नाही, लेन्सवर दव धरतं. तेवढा वेळ मी दिवे बघत फिरले.

कलादालनातला उजेड चित्रांसाठी असतो, माणसांसाठी नाही. छताच्या पट्टीवरचे सगळे दिवे भिंतींकडे वळलेले, आणि जिथे लग्न लागायचं ती मधली जागा अंधुक. ‘फ्लॅश चालणार नाही,’ हे तिथल्या बाईंनी दारातच बजावलं. मलाही तो नकोच होता. काचेत मढवलेल्या प्रत्येक चित्रात त्याचा पांढरा ठिपका उमटतो. बाईंना गळ घालून दोन दिवे रिकाम्या भिंतीकडे फिरवून घेतले. भिंतीवरून परतलेला उजेड छान मऊ होता, पण त्यात नवरीचा ‘ह्वारोत’ आला. हा लाल रेशमी, भरतकामाचा झगा एके काळी राजघराण्यातल्या बायकांचा. सामान्य घरातल्या मुलीला तो लग्नाच्या दिवसापुरता घालायची मुभा असे. असा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. बाकी चित्र व्यवस्थित दिसत असताना लाल तेवढा फाटतो आणि भरतकामातली कमळं त्या लालीत बुडून जातात. म्हणून मी लाल रंगाचा आलेख वेगळा बघते आणि फोटो थोडा काळोखाच घेते. चेहरे नंतर उजळता येतात, गेलेली कमळं परत येत नाहीत.

सुरुवातीला दोन्ही आया मेणबत्त्या लावतात, मुलाची आई निळी आणि मुलीची आई लाल. दालनात आगीला बंदी, म्हणून मेणबत्त्या बॅटरीच्या. मुलीच्या आईला बटणच सापडेना. शेवटी विहीणबाईंनी वाकून दाखवलं, आणि पूर्ण वेळ ताठ बसलेली ती दोन घराणी एकदम हसली. खऱ्या ज्योतीने हा फोटो मला दिला नसता.

नवरीचा मोठा नमस्कार उभ्याने काढायचाच नसतो, वरून नुसती पाठ दिसते. मी मेजाच्या कडेला, वडिलांच्या खांद्यामागे, जमिनीवर बसते. हात कपाळापाशी धरलेले, त्यांवर पांढरं कापड, दोन्ही कोपरांना आधार द्यायला दोन बायका. ती सरळ खाली बसते आणि झगा भोवती पसरतो. खरं कठीण असतं ते उठणं. एवढा भार अंगावर घेऊन हातांचा टेकू न घेता उठायचं. आधार देणाऱ्या बायकांची बोटं बाह्यांत रुततात, आणि कापडावरून आधी नवरीचे डोळे वर येतात. आपण दिसू लागलोय, हे तिला अजून कळलेलं नसतं. मी त्या क्षणाची वाट बघते. ठरवून केलेलं हसू नंतर हवं तेवढं मिळतं.

मग आईवडील वाळलेली बोरं आणि चेस्टनट फेकतात, दोघं ते ताणलेल्या कापडात झेलतात, आणि जितकी झेलली तितकी मुलं, असा हिशोब होतो. त्यांचं बोर आणि आपलं बोर एकाच कुळातलं. मला हटकून संक्रांतीचं बोरन्हाण आठवतं; फक्त इथे मुलं व्हायच्या आधीच बोरं पडतात. काही फोटोग्राफर ‘परत एकदा टाका’ म्हणतात. मला ते पटत नाही. एकदा मोजून झालेली मुलं पुन्हा कशी मोजायची? सेकंदाच्या पाचशेव्या भागात जी बोरं हवेत सापडतात ती माझी, बाकीची फरशीवर.

अल्बम जुळवणाऱ्याला मात्र दर वेळी फोन करावा लागतो. समोरासमोरची पानं एकमेकांकडे बघावीत म्हणून तो फोटो सर्रास उलटे करतो, डावं उजवीकडे नेतो. इथे ते चालत नाही. शुभकार्यात पुरुषाचा डावा हात उजव्यावर असतो आणि अंत्यविधीत उजवा डाव्यावर. नवरीचे हात कापडाखाली झाकलेले असतात, पण नवऱ्याचे उघडे. फोटो उलटवला, की तो लग्नाच्या अल्बममध्ये मयताचा नमस्कार करत उभा. पाहुण्यांपैकी तरुणांच्या कदाचित लक्षातही येणार नाही; आजी मात्र पान उलटताक्षणी ओळखेल.