एकधारी

दाढीचे पहिले हत्यार माणूस सहसा स्वतः निवडत नाही; ते वडिलांच्या खणातून त्याच्याकडे येते. वाचकमित्रहो, आपण पुरुष असाल तर आपला अनुभव याहून फारसा वेगळा नसेल. स्त्री असाल तर आरशासमोर गाल ताणून उभे असलेले वडील किंवा भाऊ आपल्याला आठवत असतील. मी विशीपासून दाढी राखून आहे. त्यामुळे पहिले हत्यार निवडण्याची वेळ माझ्यावर सत्तेचाळिसाव्या वर्षी आली, आणि तीही स्वतःच्या नव्हे, वडिलांच्या गालासाठी.

अण्णांना पक्षाघात झाला आणि त्यांचा उजवा हात गेला. आयुष्यभर शाळेत शिकवलेला हा मनुष्य रविवारीसुद्धा दाढी केल्याशिवाय ओसरीवर येत नसे. आता गालावर पांढरे खुंट वाढले की ते भेटायला आलेल्यांना आत येऊ देईनात. बोलणे अडखळत होते, पण हाताची खूण स्पष्ट होती : नको.

प्रारंभी गल्लीतील नाभिक घरी येत. घरी येण्याचे ऐंशी रुपये. आठवड्यातून दोनदा म्हटले तरी महिन्याला सातशेच्या घरात. औषधांच्या बिलाशेजारी हा आकडा लिहिताना माझी पेन्सिल थबकत असे. त्यांच्या हाताकडे मात्र मी मन लावून पाहत राहिलो. संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायाची अवजारे अभंगाच्या रूपकात गुंफली आहेत, हे आपण संतसाहित्याच्या अभ्यासात वाचले असेल. त्या धोकटीतला चामड्याच्या पट्ट्यावर पाजळलेला वस्तरा आता क्वचितच दिसतो. एकाच्या रक्तातून दुसऱ्याला एचआयव्ही किंवा हेपटायटिस होऊ शकतो हे लोकांना कळल्यावर दुकानादुकानांतून नवा वस्तरा आला. बाजारातले दुधारी पाते वेष्टनातच मधोमध मोडायचे, त्याचे अर्धे पाते वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचे आणि काम झाले की फेकून द्यायचे. हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त एकधारी वस्तरा. पण त्याला आडोसा नाही. पाते आणि कातडी यांच्यामध्ये असते ती केवळ कारागिराची वर्षानुवर्षांची सवय, आणि ती विकत मिळत नाही.

आडोशाची कल्पना जुनी आहे. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्फ बंधूंनी पात्यापुढे दातेरी कड असलेल्या वस्तऱ्याचे पेटंट घेतले. ते पाते एकधारीच होते, जाड होते आणि त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागे. किंग कँप जिलेट याने पाते इतके पातळ आणि स्वस्त केले की धार लावण्याचा प्रश्नच उरला नाही. १९०३ मध्ये त्याची अवघी एक्कावन्न यंत्रे खपली. पुढचा इतिहास आपल्या न्हाणीघराच्या फळीवर आहे. अण्णांचे स्वतःचे यंत्र याच घराण्यातले : पितळी दांडीचे, तीन भागांत सुटणारे, दुधारी. ते मी काढून पाहिले. वजन सुरेख, पाती काही रुपयांना मिळणारी. स्वतःच्या गालासाठी मी डोळे मिटून तेच निवडले असते.

पण दुसऱ्याच्या गालाची गोष्ट निराळी असते, आणि घरात रुग्ण असलेल्या कित्येक वाचकांना ती ठाऊक असेल. आपल्या गालावर पाते फिरते तेव्हा जे डोळ्याला दिसत नाही ते कातडीला कळते. अण्णांच्या उजव्या गालाला संवेदना उरली नव्हती. कापले तर त्यांना कळणार नाही, आणि मला कळेल ते रक्त दिसल्यावर. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. जुन्या यंत्रात पात्याचा कोन, साधारण तीस अंशांचा, हातानेच सांभाळावा लागतो. समोर बसून, उलट बाजूने तो सांभाळणे माझ्यासारख्या नवख्याला कठीण होते.

डॉक्टरांनी विजेवरचे यंत्र सुचवले. सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच सर्वांत योग्य, यात शंका नाही. पण त्याची गुणगुण कानाजवळ येताच अण्णा मान फिरवत, आणि नंतर बोटांनी गाल चाचपून राहिलेले खुंट मला दाखवत. अखेर डॉक्टरांच्या संमतीने साधे, आडोसा असलेले, एका पात्याचे यंत्र घ्यायचे ठरले.

दुकानदाराने तीन पात्यांचे, पाच पात्यांचे अशी चढत्या किमतीची यंत्रे मांडली. जास्त पाती म्हणजे जास्त गुळगुळीत, हे खोटे नाही. पहिले पाते केस किंचित ओढते आणि तो मागे सरकण्याआधी दुसरे त्याला आणखी खाली कापते. पण कापलेला केस कातडीच्या आत गेला की काहींना, विशेषतः कुरळ्या केसांच्या माणसांना, पुटकुळ्या येतात. शिवाय चार दिवसांचे खुंट पात्यांच्या अरुंद फटींत अडकतात, आणि ते सोडवायला वाहत्या नळाची धार लागते. खाटेशेजारी नळ नसतो. वाटीभर पाणी असते.

या वाटीभर पाण्याची एक कथा सांगण्यासारखी आहे. २००२ मध्ये जिलेट कंपनीने भारतासाठी ‘व्हेक्टर’ नावाचे यंत्र आणले. त्याची चाचणी घेतली होती अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. विद्यार्थी भारतीय, पण नळ अमेरिकेचा! इथे कमी उजेडात, जमिनीवर बसून, हातात आरसा धरून थोड्याशा पाण्यात दाढी करणाऱ्यांच्या यंत्रात केस तुंबू लागले. मग संशोधक घरोघरी जाऊन बसले, आणि २०१० मध्ये एकाच पात्याचे ‘गार्ड’ आले : यंत्र पंधरा रुपये, पाते पाच रुपये. त्याच कंपनीच्या ‘मॅक-थ्री’त पंचवीस सुटे भाग होते, यात चार. पुढे दातेरी कड, आणि केस पाण्यात सहज सुटावेत अशी मोकळी जागा. मी त्याच जातीचे यंत्र घेतले. स्वस्त म्हणून घेतले हे खरे. पण स्वस्त होण्यासाठी त्यातून जे जे वगळले होते, त्यातले काहीही मला लागणार नव्हते.

पुढचे सारे काम सावकाशीचे आहे. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे गालावर ठेवावा. ब्रशने साबण गोलाकार फिरवत केस उभे करावेत. डाव्या हाताने कातडी ताणून धरावी. म्हातारपणी हेच सर्वांत महत्त्वाचे, कारण सुरकुती पात्यासमोर उंबरठ्यासारखी उभी राहते. पाते केसांच्या दिशेने, आखूड ओढीने, वजन न देता फिरवावे आणि प्रत्येक ओढीनंतर वाटीत हलवावे. लोंबलेल्या ओठाच्या कोपऱ्याशी मी आतून स्वच्छ बोट लावून गाल बाहेर घेतो. शेवटी तुरटीचा ओला खडा.

स्वस्त पात्याशी चिकटपणा करू नये. ते ओढू लागले की बदलावे. ही काटकसर गालाला भोवते. जुनी पाती मी झाकणाच्या डब्यात साठवतो, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईंचे हात कापत नाहीत.

आता मंगळवार आणि शनिवार ठरलेले आहेत. दाढी झाली की अण्णा डाव्या हाताने गालावरून तपासणीचे बोट फिरवतात. उजव्या जबड्याखाली एखादा खुंट हमखास सापडतो. ते बोट तिथेच ठेवतात आणि मी वाटी पुन्हा जवळ ओढतो.