रुजवात

शासकीय योजनेच्या यशाचा हिशेब टक्क्यांत मांडण्याची जी रीत आपल्या दप्तरांत रूढ झाली आहे, तिच्यामुळे एक गोष्ट सतत नजरेआड होते. ती ही की माणसाकडून आज्ञेने सही घेता येते, परंतु सहीपूर्वी जुना कागद आणि नवा कागद समोरासमोर ठेवून, ओळीवर बोट ठेवीत केलेली रुजवात आज्ञेने घेता येत नाही. महसूल खात्यात सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचे काम करताना, आणि विशेषेकरून राजापूर तालुक्याच्या किनाऱ्यावरील नाटे, साखरीनाटे, आंबोळगड या टापूतील तलाठ्यांसमवेत बसताना, माझ्या वाट्याला आलेले काम नावाने प्रशिक्षणाचे होते. फेरफार यंत्रावर कसा नोंदवावा, डिजिटल स्वाक्षरी कशी उमटवावी, एवढे शिकवून मी उठलो असतो तरी कोणी मला जाब विचारला नसता. परंतु शिकलेला माणूस आणि राजी झालेला माणूस यांत जे अंतर असते ते तोडल्याखेरीज ही योजना गावापर्यंत पोहोचत नाही, आणि ते तोडण्याची कला कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नसते.

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केला व त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये त्याला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप आले. पुढे महाराष्ट्रात ई-फेरफार आला, २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडीवाचन झाले, आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला. हा क्रम कागदावर सरळ दिसतो. त्यातील प्रत्येक टप्प्यास तलाठ्याच्या हाताची गरज होती, आणि सर्वांत अवघड टप्पा होता तो हस्तलिखित व संगणकीकृत अभिलेख तंतोतंत जुळतो असे घोषणापत्र देण्याचा.

हे घोषणापत्र कोकणात विशेष जड का गेले, हे समजून घेतले पाहिजे. पठारावरच्या एका गटात पुष्कळदा दोन-चार एकर आणि दोन-चार नावे असतात. इथे कातळ, वरकस, भातखाचर, कलमांची बाग आणि घराची जागा अशा तुकड्यांत वाटल्या गेलेल्या काही गुंठ्यांच्या हिश्श्यावर तीन-तीन पिढ्यांची नावे एकाखाली एक उभी असतात. त्यांतली कित्येक माणसे मृत, हयातांतली बरीचशी मुंबईत, आणि कोणाचा वाटा किती हे क्षेत्रात नव्हे तर आण्या-पैंत नोंदलेले. खोतीचा अंमल १९४९ च्या कायद्याने उठला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळे मानीव खरेदीदार ठरली, तरी त्या दोन्ही स्थित्यंतरांचे अवशेष इतर हक्कांच्या रकान्यात अद्याप सापडतात. यंत्राला मात्र प्रत्येक खात्याचे क्षेत्र हवे असते, आणि त्या सर्वांची बेरीज हिश्श्याच्या एकूण क्षेत्राशी जुळावी लागते. जे वाटे भाऊबंदांनी कधी मोजून घेतलेच नाहीत, केवळ वहिवाटीने आणि परस्परांच्या विश्वासाने ज्यांचा निभाव लागला, त्यांचे क्षेत्र तलाठ्याने कोठून आणावे? समासात शिसपेन्सिलीने केलेली एखादी टीप, एकाच नावाच्या तीन खातेदारांपैकी कोण कोणत्या वाडीचा याची मनात जपलेली खूणगाठ, ही जी अलिखित विद्या दप्तराच्या आधाराने वर्षानुवर्षे जगली होती, तिला नव्या नमुन्यात रकानाच नव्हता.

म्हणून संगणकाला विरोध करणारा तलाठी आळशी किंवा जुनाट असतो, हे मत मला कधी पटले नाही. एका वयस्क तलाठ्याने बैठकीत शांतपणे मांडलेली हरकत मी तेव्हाच टिपून ठेवली. तो म्हणाला, "साहेब, जुन्या सातबाऱ्यावर माझ्याआधी किती जणांच्या सह्या झाल्या ते मोजता यायचं नाही; या नव्यावर सही माझ्या एकट्याची. त्यांच्या चुका माझ्या नावावर कशा घेऊ?" या प्रश्नाला उत्साहाचे भाषण हे उत्तर नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ प्रमाणे लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो हे त्यालाही ठाऊक होते. पण त्या दुरुस्तीचे कागद रंगवताना खुलासा कोणाकडून मागितला जाईल, हेही त्याला तितकेच ठाऊक होते.

त्यानंतर बैठकीची रीत आम्ही बदलली. किती टक्के काम झाले हे विचारण्याऐवजी मी प्रत्येकास विचारू लागलो की, कोणत्या हिश्श्यावर सही करायला तुमचा हात धजत नाही? आरंभी कोणी बोलेना. मग एकाने एक सर्व्हे नंबर सांगितला, दुसऱ्याने तीन सांगितले, आणि पाहता पाहता तफावतींची अशी एक यादी सिद्ध झाली, जी यंत्राच्या अहवालांतून मिळाली नसती, कारण यंत्राला बेरीज चुकल्याचे कळते, परंतु बेरीज बरोबर असून नाव चुकल्याचे कळत नाही. ही यादी तलाठ्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात ठेवली. घोषणापत्रापूर्वी स्वतः दाखवून दिलेली तफावत कोणाचाही दोष समजली जाणार नाही, असे वरिष्ठांकडून लेखी घेतले. तोंडी अभय चालत नाही, कारण अभय देणाऱ्याची बदली होते आणि कागद मागे राहतो. कोणते गाव आधी व कोणते मागून, हा क्रमही त्यांच्यावरच सोपविला. तेव्हापासून हरकती कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. परंतु त्या आता कामाच्या विरुद्ध नसून कामाच्या आतल्या होत्या, आणि हा फरक ओळखणे हेच माझ्या मते राजी करण्याच्या कलेचे मर्म आहे.

शेजारच्या कर्नाटकाने आमच्या आधीच दुसरा मार्ग धरला होता. तेथील भूमी प्रकल्पात हस्तलिखित उतारे बाद करून संगणकीय उतारे तालुक्याच्या केंद्रातून देण्यात आले, आणि उतारा देण्याचे काम गावच्या लेखापालाच्या हातून निघून गेले. त्याचा लाभ शेतकऱ्याला झाला हे निर्विवाद. उताऱ्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागू नये, हा हेतू शुद्ध होता. तरीही अभिलेखातील जिवंत ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याला वगळून अभिलेख सुधारणे कोकणासारख्या मुलखात अशक्यप्राय आहे, असे मला वाटते. उलट बँकांच्या बाबतीत १९८३ मध्ये कर्मचारी संघटना आणि बँकांचे प्रतिनिधी यांनी यंत्रे कोठे व किती बसवावीत यावर लेखी करार केला, तो त्या काळी अनेकांना प्रगतीतला अडसर वाटला. मला त्या करारात एक शहाणपण दिसते: ज्याच्या मेजावर यंत्र यायचे, त्याला आधी विचारले गेले.

जोड्यांचा प्रयोग आम्हाला फार उपयोगी पडला. एक तरुण व एक जुना अशा दोघांना एकाच यंत्रापुढे बसवायचे, बोटे तरुणाची आणि वाचन जुन्याचे. तरुणाने शिकवायचे आणि जुन्याने शिकायचे असा एकेरी संबंध ठेवला असता तर वडीलकीला धक्का बसून मन मिटले असते. येथे दोघांनाही एकमेकांवाचून अडत होते. प्रशस्तिपत्रे, सत्कार, पहिल्या क्रमांकाचा तलाठी सजा इत्यादी प्रकारांविषयी मला आस्था नाही. स्पर्धा लागली की घोषणापत्रे लवकर येतात, आणि लवकर आलेली घोषणापत्रेच मागाहून सर्वांत जास्त दुरुस्त्या मागतात.

पण तलाठी राजी झाला तरी गाव राजी होते असे नाही, आणि नाटे परिसरात हे प्रकर्षाने जाणवले. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे येथील जमीन अणुऊर्जा प्रकल्पासाठी संपादित झाली होती. १८ एप्रिल २०११ रोजी साखरीनाटे येथे आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मृत्युमुखी पडला होता. पुढे मे २०१७ मध्ये, चावडीवाचनाच्याच दिवसांत, तालुक्यातील नाणार व आसपासच्या गावांची जमीन तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी अधिसूचित झाली. अशा वेळी सरकारी माणूस चावडीत उभा राहून जमिनींची नावे मोठ्याने वाचू लागला, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल? लोक विचारीत, "हे कशासाठी वाचताय? कोणाला द्यायचंय?" ही शंका रास्त होती, तिला अज्ञान म्हणणे अन्यायाचे झाले असते. तलाठी त्याच गावात राहणारा, त्यालाच रोज या प्रश्नाला तोंड द्यावे लागे. म्हणून वाचनापूर्वी घरटी उताऱ्याची प्रत हाती द्यावी आणि चूक खातेदारानेच दाखवावी, असा क्रम ठेवला. कागद घरात गेला, चुलत्या-पुतण्यांनी पाहिला, मग चावडीत बोलणे झाले. वेळही निवडावी लागली. एप्रिल-मे आंब्याचा, बागायतदाराला उसंत नसते. मच्छीमार १ जूनपासूनच्या पावसाळी बंदीत घरी सापडतो. चाकरमानी मे महिन्यात थोडा व गणपतीत नक्की येतो. मोहिमेच्या तारखा राजधानीत ठरतात, त्यांत या मुलखाचे पंचांग बसविणे हे स्थानिक अधिकाऱ्याचे काम आहे, आणि ते त्याने भीड न बाळगता करावे.

आता स्थिती उलटली आहे. तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले; २०२३ च्या भरतीतून आलेली मुले यंत्रावर सराईत आहेत, परंतु परजिल्ह्यांतून आलेल्या कित्येकांनी आण्या-पैंचा सातबारा कधी पाहिलेला नसतो. २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या वारसांची नोंद घेण्यासाठी जिवंत सातबारा मोहीम निघाली, तेव्हा हीच उणीव ठळक झाली. कारण वारस शोधायचा तर वाडी, घराणे आणि मुंबईतला पत्ता माहीत असलेला माणूस लागतो. मला जेव्हा या मुलांपुढे बोलावतात तेव्हा पहिला दिवस मी अभिलेख कक्षात मागून घेतो. प्रत्येकाने एक हिस्सा निवडायचा, जुन्या हस्तलिखितापासून आजच्या उताऱ्यापर्यंत त्यातील प्रत्येक नावाचा फेरफार क्रमांक शोधायचा, आणि जे नाव कोणत्याही फेरफाराशिवाय आले वा गेले असेल ते वहीत लिहून काढायचे. त्या दिवशी यंत्र बंद ठेवतो. दुसऱ्या दिवशी मुले आपापल्या सजातील निवृत्त तलाठ्याचा नि पोलीस पाटलाचा दूरध्वनी क्रमांक मागतात. तो मी त्यांना देतो, आणि मग यंत्र सुरू करतो.