जॅकची नक्कल

परवा 'विल अँड ग्रेस'चे जुने भाग परत बघितले. (१९९८ ते २००६ चालली, मग २०१७ला पुन्हा आली, तीच.) शॉन हेजचा जॅक म्हणजे अफलातूनच! हसायला आलं, आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं.

इंजिनियरिंगला असताना हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी हे भाग टाकले होते. मी जॅकची नक्कल करायचो. मनगट ढिलं, मान तिरकी, आवाज वरच्या पट्टीत. पोरं लोळायची हसून. रूममेटही हसायचा, जरा बेतानंच.

तो गे आहे हे त्यानं मला नऊ वर्षांनी सांगितलं, तेही फोनवर.

आता यात शॉन हेजचा काय दोष? तो स्वतः गे आहे, २०१०मध्ये त्यानं तसं जाहीरही केलं. विल झालेला एरिक मॅकॉर्मॅक मात्र नाही. पण विलची नक्कल कोण करणार? साधा वकील माणूस!

'सिक्स फीट अंडर'मधला मायकल सी. हॉलचा डेव्हिड तर त्याहून अवघड. घरचा अंत्यविधीचा धंदा, कडक सूट, चर्च, आणि सगळं आतल्या आत गिळलेलं. हॉल ते नुसत्या आवळलेल्या जबड्यातून दाखवतो. ही मालिका रूममेटनंच सुचवली. बघताना मला सारखा तोच दिसत होता.

फोनवर मी विचारलं, "तेव्हाच थांबवलं का नाहीस रे मला?"

म्हणाला, "तुझी नक्कल बघून मी बोलताना हात खिशात ठेवायला लागलो होतो."