आठ दिवसांचं परदेशी बिऱ्हाड

मैत्रिणींनो, परदेशची सहल म्हणजे बसमधून उतरायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा बसमध्ये जाऊन बसायचं, एवढंच आता राहिलेलं नाही. सोलापूरसारख्या गावातूनही मुलंबाळं, क्वचित सासूबाईंनाही बरोबर घेऊन आठ दिवस एकाच खेड्यात घर भाड्यानं घेऊन राहणारी कुटुंबं निघू लागली आहेत. स्वित्झर्लंडमध्ये अशा घराला ‘फेरिएनवोनुंग’ म्हणतात, म्हणजे सुट्टीचं घर. दोन खोल्या, गॅलरी आणि भांड्याकुंड्यांसकट स्वयंपाकघर. बाहेर साधं गरम जेवण घ्यायचं तरी माणशी वीस-पंचवीस फ्रँक सहज जातात. चौघांचा दोन वेळचा हिशेब केलात की स्वयंपाकघराचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण इथेच एक गोम आहे. ज्या घरात स्वयंपाकघर आहे तिथे स्वयंपाक कुणी करायचा, हे कुणी विचारत नाही. ते ठरलेलंच असतं. मग ‘हे’ आणि मुलं गॅलरीत बसून बर्फाचे डोंगर पाहतात आणि तुम्ही आत कुकरच्या शिट्ट्या मोजता. लाखोंचा खर्च करून जागा तेवढी बदलली, काम तेच राहिलं! ही सुट्टी तुमचीही होणार की नाही, हे तिकडे गेल्यावर ठरत नाही बरं का. ते इथे, बॅग भरतानाच ठरतं. म्हणून आज थोडं बॅगेविषयी.

आधी गाव डोळ्यांसमोर आणा. उदाहरणादाखल लाउटरब्रुनेन घेऊ. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरची ही चिंचोळी दरी. दोन्ही बाजूंना उभे ताशीव कडे, आणि गावाच्या अगदी डोक्यावरून जवळजवळ तीनशे मीटर खाली कोसळणारा श्टाउबबाख धबधबा. वाऱ्यानं त्याचं पाणी धुरळ्यासारखं उडतं. हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, लाकडी घरं. वेंगेन आणि म्यूरेन ही वरची दोन खेडी तर मोटारींशिवायची. तिथे रेल्वेनं नाहीतर तारेवरच्या पाळण्यानंच जायचं. मे महिन्याच्या अखेरीस, आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर गेलेला असतो आणि दुपारी रस्ते ओस पडलेले असतात, तेव्हा तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि संध्याकाळी स्वेटर लागतो.

आता तिथवर पोचायचं कसं ते पाहा, म्हणजे बॅग केवढी हवी हे आपोआप कळेल. रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस. सकाळी मुंबई. मग विमानतळ. झुरिकपर्यंत थेट विमान मिळालं तरी नऊएक तासांचा प्रवास. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन. तिथून एक-दोनदा गाडी बदलून इंटरलाकेन, सव्वादोन-अडीच तास. तिथे पुन्हा गाडी बदलून वीस मिनिटांत लाउटरब्रुनेन. पुढे घरापर्यंत चढ असेल तर तोही तुमचाच. वाटेत ‘हमाल, हमाल’ म्हणून हाक मारायची सोय नाही. तेव्हा नियम एकच: ज्याची बॅग त्यानं उचलायची. जी बॅग घरातल्या जिन्यावरून एकट्याला वर नेता येत नाही, ती नेऊ नका. मुलांच्या पाठीवरही त्यांची स्वतःची पिशवी असू द्या.

बॅगेत काय नको, तिथून सुरुवात करू. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पनीर, पेढे, बर्फी, सगळं घरीच. तुपातले लाडूही घरी ठेवलेले बरे. ताजी फळं, भाज्या, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कढीपत्ता यांनाही मज्जाव आहे. शेजारणीनं प्रेमानं दिलेली डाळिंबं तिलाच परत करा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपल्या विमानतळावरच अडतात. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेण्याचा धोका. म्हणून २०२२ पासून ते चेक-इनच्या सामानात चालत नाही.

तांदूळ, डाळ, साखर, मीठ, तेल नेऊ नका. बटाटे, कांदे, टोमॅटो, दूध, दही, अंडी, पाव, तांदूळ, मसूर हे सगळं तिथल्या कोऑप किंवा मिग्रो या दुकानांत मिळतं, आणि दही तर फार छान. घरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकरही नको. तिथल्या शेगड्या विजेच्या, वरून काचेच्या. त्यातही इंडक्शनची असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तापतच नाही. ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडं तिथे चालतं. आपला बिडाचा खरबरीत तवा चालेल खरा, पण काचेवर ओढला की ओरखडा, आणि त्याची भरपाई तुमच्या खिशातून!

आणि आता थोडं कठीण सांगते. आपली सोलापुरी चादरही नको. जीव कितीही गुंतला असला तरी ती दोन बॅगांची जागा खाते. तिथे माणशी एक पिसांची किंवा कापसाची जाड दुलई असते. मात्र चादरी आणि टॉवेल भाड्यात धरले आहेत का, हे घरमालकाला आधी पत्रानं विचारा. धरले नसतील तर सोलापुरी टॉवेल न्या, पण पातळ, लवकर वाळणारे.

घरमालकाला आणखी तीन प्रश्न विचारायचे. शेगडी कोणती आहे? घर सोडतानाची सफाई भाड्यात आहे की आपण करायची? कचऱ्याच्या पिशव्या कुठे मिळतील? हसू नका. तिथे बऱ्याच गावांत कचरा ठरावीक, विकत घेतलेल्या पिशवीतच टाकावा लागतो. साध्या पिशवीतला उचलत नाहीत.

आता न्यायचं काय? इथे मात्र सोलापूरकरणीसारखी भाग्यवान दुसरी कुणी नाही. शेतावर, यात्रेला, लांबच्या प्रवासाला न्यायचं आणि चूल न पेटवता खायचं, असं अन्न आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तयार होतं. सोलापूर, विजापूर, कलबुर्गी या पट्ट्यातली कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, तीळ लावलेली, कागदासारखी पातळ थापून मंद आचेवर कपड्यानं दाबत दाबत पापडासारखी खुटखुटीत केलेली. ओलावा गेला की नासायला काही उरतच नाही. कोरड्या डब्यात महिनाभर सहज टिकते. ज्वारी मंगळवेढ्याची असेल तर विचारूच नका. त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. स्वतःला थापायला वेळ नसेल तर बचत गटांच्या बायका करून देतात. विकत घेताना संकोच करू नका, तो तुमच्या सुट्टीचा पहिला दिवस समजा.

सोबत शेंगाची चटणी. मिक्सरमधली भुकटी नव्हे. उखळात कुटलेली, शेंगदाण्याचं तेल सुटलेली. चटणी, तिथलं घट्ट दही आणि कडक भाकरी, झालं जेवण! भाकरी बॅगेत मोडली तरी नुकसान काहीच नाही. दह्यात चुरूनच तर खातो आपण. तरी अख्खी न्यायची हौस असेल तर दोन स्टीलच्या थाळ्यांमध्ये ठेवून पंच्यात घट्ट बांधा. तिथे थाळ्या जेवायला होतात आणि पंचा अंग पुसायला.

चौघांना आठ दिवसांसाठी हे पुरतं: कडक भाकऱ्या तीस, शेंगाची चटणी अर्धा किलो, कारळ्याची किंवा जवसाची चटणी पाव किलो, येसर पाव किलो, मेतकूट शंभर ग्रॅम, भाजलेल्या पातळ पोह्यांचा चिवडा अर्धा किलो, जाडे पोहे अर्धा किलो, शेंगदाणे-गुळाचे लाडू वीस, गोडा मसाला, हळद, तिखट, मोहरी, हिंग यांच्या लहान पुड्या, चहापूड पाव किलो. सासूबाई बरोबर असतील तर उपवासाची थोडी भगर. सगळं मिळून पाच किलोंच्या आत बसतं. येसर विसरू नका. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ पाण्यात कालवून उकळलं की दहा मिनिटांत आमटी होते, आणि थंडीत ती काय लागते म्हणून सांगू!

प्रत्येक पुडी घट्ट बंद करा आणि वर इंग्रजीत नाव लिहा. कस्टमच्या माणसाला कारळं म्हणजे काय हे कुठून ठाऊक असणार? चटण्या, तिखट, मसाले मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत ते विमानतळावर काढून घेतात. लोणचं नेणारच असाल तर तेही मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. हातातल्या पिशवीत पासपोर्ट, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधं आणि मोबाईलची पॉवर बँक. ती मोठ्या बॅगेत ठेवायला बंदी आहे. वाटेत खायला धपाटे आणि शेंगाची पोळी. मात्र विमानात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्याचं सांगितलं तर शेंगाची पोळी मुकाट्यानं बंद ठेवायची. काहींना त्यानं जिवावर बेततं.

एक छोटी पिशवी वेगळी भरा आणि तिला ‘पहिल्या रात्रीची पिशवी’ म्हणा. ही घरं बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. तुम्ही शनिवारी संध्याकाळी थकूनभागून पोचणार, खेड्यातली दुकानं साडेसहा-सातला बंद, आणि रविवारी तर दिवसभर बंद. मोठ्या स्टेशनांवरची काही दुकानं तेवढी उघडी असतात. तेव्हा या पिशवीत भाकरी, चटणी, येसर, चिवडा, चहा, एक सुरी, साबणाची वडी, काडेपेटीऐवजी एक छोटा टॉर्च, आणि हो, एक प्लास्टिकचा मग. तिथल्या न्हाणीघरात बादली-मग नसतात, आणि मध्यरात्री ते आठवून उपयोग नाही. दूध आणि दही तेवढं वाटेत इंटरलाकेनच्या स्टेशनाजवळ घ्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम असतं.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. एक जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक चढवता येतील असे कपडे घ्या. पावसाचं जाकीट प्रत्येकाला. युंगफ्राउयोखला, म्हणजे ३४५४ मीटरवर जाणार असाल तर बारमाही बर्फ, म्हणून काळा चष्मा आणि हातमोजे. चपला ओल्या गवतावर घसरतात. मुरलेले बूट हवेत, नवे करकरीत नकोत. साडीची सवय असेल तर खुशाल नेसा, पण डोंगरवाटेसाठी दोन सलवार-कमीज असू द्यात. विजेचा दाब आपल्यासारखाच, पण तीन पिनांचे प्लग बसत नाहीत. अ‍ॅडॉप्टर एक पुरतो.

आता शेवटची आणि मुख्य यादी. ती बॅगेत नाही, कपाटाच्या दारावर चिकटवायची. सकाळी पाव, दूध, फळं; ज्याचं त्यानं घ्यायचं. दुपारी भाकरी, चटणी, दही, काकडी. डबा मुलांनी भरायचा आणि धबधब्याखालच्या बाकावर बसून खायचा. संध्याकाळी एकच गरम पदार्थ, एकाच भांड्यात: कधी खिचडी, कधी येसर आमटी-भात. भांडी ‘ह्यां’नी धुवायची. यंत्र असेल तर त्यात लावायची, नसेल तर हातानं. रात्री दहानंतर शेजाऱ्यांना आवाज चालत नाही, हे कारण सांगून त्यांना वेळेवर कामाला लावता येतं! कचरा मोठ्या मुलाकडे. शेवटच्या दिवशीची सफाई सगळ्यांची मिळून.

हे तिकडे जाऊन सांगाल तर कुणी ऐकणार नाही. ‘अगं, तूच कर पटकन, तुला सवय आहे,’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून निघण्याआधी महिनाभर एक रविवार असा पाळा. सकाळपासून घरात त्या यादीप्रमाणेच वागायचं. गॅस फक्त संध्याकाळी पेटेल. दुपारी कडक भाकरी आणि दही. भांडी ज्यांची त्यांनी. काय कमी पडलं, कुणी कुरकुर केली, चटणी मुलांना तिखट लागली का, सगळं कळेल आणि यादी दुरुस्त करता येईल. आणि त्या दुपारी तुम्ही काय करायचं? काही नाही. पंखा लावून पडा, हातात एखादं पुस्तक घ्या. त्याचीही तालीम लागतेच की!