गल्लीचे मत

मतदानाच्या आदल्या रात्री दोन वाजता आमच्या गल्लीत नळाला पाणी आले. सोलापूरच्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. इतर गावच्या वाचकांना सांगायला हवे, की आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येते, कधी पाच दिवसांनी. उजनी धरण शंभरावर किलोमीटर दूर. भीमेचे पाणी टाकळीहून येते, थोडे हिप्परग्याच्या तलावातून. सगळ्या पेठांना वाटता वाटता आमची पाळी लागते तेव्हा बादल्या, बॅरल, हंडे, कुकरसुद्धा भरून घ्यायचा. कपडे धुण्याचा वार पाण्यावर ठरतो, पाहुण्यांना बोलवायचा दिवस पाण्यावर ठरतो. नणंदेच्या मुलीच्या निकाहची तारीख काढताना मौलानासाहेबांच्या आधी आम्ही चावीवाल्याला विचारले होते.

आम्ही विजापूर वेशीच्या मागच्या गल्लीत राहतो. खाली दुकाने, वर घरे. टोप्या-अत्तर, बांगड्या, चपला, दुपट्टे. रमजानमध्ये इथे मीना बाजार भरतो तेव्हा साऱ्या जिल्ह्यातून लोक येतात आणि आम्हाला आमच्याच दारातून बाहेर पडायला वाट मागावी लागते. गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घरातल्या कढीला लसणाची फोडणी बसली तर आमच्याकडे शिंक येते. अशा गल्लीत रात्री दोनला पाणी आले म्हणजे सगळ्या बायका पायऱ्यांवर. आम्ही शिक्षक, उर्दू शाळेत मराठी शिकवतो, म्हणून त्या रात्री सगळ्यांचे प्रश्न आमच्याकडे.

"मॅडम, चार मतं द्यायची म्हणजे चारदा लाइनीत जायचं का?" शेजारच्या चाचींनी हंडा काखेत धरूनच विचारले.

प्रश्न हसण्यासारखा नाही. २००२ साली एका प्रभागात तीन नगरसेवक होते, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. दर वेळी नवा हिशेब. २०१७ मध्ये आमची मतदान केंद्रावर ड्युटी होती. तेव्हा किती तरी बायका आणि म्हातारी माणसे पहिले बटण दाबून बाहेर यायला निघायची. त्यांना परत पाठवताना "आता कशाला, दिलं की मत" असे म्हणायची. म्हणून यंदा आम्ही वहीच्या कागदावर रंगीत खडूने चार चौकोन काढून ठेवले होते: पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. अ, ब, क, ड. चारही ठिकाणी एकेक बटण, मग लांब शिटी वाजेल, तेव्हाच बाहेर या. कोणी पसंत नसेल तर प्रत्येक रंगात सगळ्यांत खाली 'नोटा' आहे. यंदा आमचे नाव राखीव यादीत होते आणि संध्याकाळी सुट्टी मिळाली होती, म्हणून ही पायरीवरची शाळा भरवता आली. कोणाला मत द्यायचे, हे मात्र आम्ही सांगितले नाही. एका उमेदवाराची माणसे आधीच येऊन गेली होती: "मॅडम, तुमचं ऐकतात सगळ्या, चार शब्द टाका." आम्ही सरकारी पगार घेणारी माणसे. आणि पगाराची गोष्ट सोडली तरी, जी बाई आमच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला विश्वासाने अंगठा पुढे करते, तिचे बोट आपण धरून बटणापर्यंत नेऊ नये, एवढे तरी आम्हाला कळते.

खरे तर ही निवडणूक २०२२ मध्येच व्हायची होती. आधीचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ ला झाले, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. ७४ व्या घटनादुरुस्तीत पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्याआधी निवडणूक, असे स्पष्ट लिहिले आहे. आम्ही नागरिकशास्त्रात मुलांकडून पाठ करून घेतो. पण ओबीसी आरक्षण, प्रभागरचना यांवरून प्रकरण कोर्टात गेले आणि राज्यभर महापालिकांवर प्रशासक बसले. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ ही तारीख उजाडली. म्हणजे जवळजवळ चार वर्षे आम्ही नगरसेवकाविना राहिलो.

एवढ्या काळात काय बिघडले, असे आमच्या शाळेतले एक सर विचारायचे. रस्ते झाले, दिवे लागले, घंटागाडी येत होती. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण २०२३ च्या पावसाळ्यात गल्लीतला चेंबर तुंबला आणि तळमजल्यावरच्या घरात घाण पाणी शिरले, तेव्हा रात्री अकराला दार कोणाचे वाजवायचे हे कोणाला सुचेना. पूर्वीच्या नगरसेवकांकडे गेलो तर ते चप्पल घालता घालता म्हणाले, "मी आता माजी आहे. सांगून बघतो." आम्ही मोबाईलवर तक्रार नोंदवली, नंबर आला, तिसऱ्या दिवशी गाडीही आली. पण त्या दोन रात्री ती बाळंतीण बाई तान्ह्या लेकराला घेऊन आमच्याकडे झोपली. मोठी कामे साहेब लोक करू शकतात. दार वाजवायला मात्र गल्लीतले कोणी तरी लागते, ज्याला आपले नाव आणि आपल्या घरात कोण आजारी आहे हे माहीत असते.

त्या चेंबरमधून काय निघाले तेही सांगायला हवे. कॅरीबॅग, गादीचा कापूस, आणि बकरी ईदच्या उरलेल्या हाडांची पिशवी. काढणारा माणूस काही बोलला नाही, फक्त ते सगळे रांगेने कडेला मांडून ठेवले. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

जानेवारीत उमेदवार यायला लागले. चार जागांसाठी इतके जण, की चिन्हांची गल्लत व्हायची. १०२ पैकी ५१ जागा बायकांच्या. आमच्या प्रभागातही होत्या. एक दाम्पत्य आले. फलकावर नवऱ्याचा फोटो दाराएवढा, उमेदवार बाईचा तिकिटाएवढा. आमच्या अम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, तिला विचारले, "बेटी, चेंबरचं काय करशील?" उत्तर नवऱ्याने दिले, चांगले पाच मिनिटे. ते संपल्यावर अम्मी म्हणाल्या, "मैं उसकू पूछी." ती बाई एकदम लाल झाली आणि म्हणाली, "मला आधी बघावं लागेल." आम्हाला ते उत्तर आवडले.

पाकीटही येऊन गेले. सगळ्या घरांत नाही, हिशेबाने. चाचींच्या हातात पडले. त्या विधवा, घरी शिवणकाम करतात. दुसऱ्या दिवशी आम्हाला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "हे घेतलं तर मत द्यावंच लागतं का? अल्लाहला काय जवाब द्यायचा?" आम्ही सांगितले, की मतासाठी पैसे देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे आहेत. दीनमध्येही रिश्वत देणारा आणि घेणारा दोघांना माफी नाही, हे त्यांना ठाऊकच होते. "ते कळतं," त्या म्हणाल्या, "पण सिलिंडर आणून झाला." यावर बी.एड.ला काही शिकवलेले नव्हते. परत द्या म्हणावे तर कशातून देणार? आम्ही एवढेच म्हणालो, की आत पडद्यामागे गेल्यावर तुम्ही आणि अल्लाह, तिसरे कोणी नाही. चुकीचे पैसे घेतले म्हणून चुकीचे मत द्यायला तुम्ही बांधील नाही. हे बरोबर सांगितले की नाही, याचा विचार अजून मनातून जात नाही.

घरातली अडचण वेगळीच निघाली. आमचे अब्बा, म्हणजे सासरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मिलमध्ये जॉबर होते. दर १२ जानेवारीला ते चार हुतात्मा पुतळ्यापाशी जाऊन येतात. १९३० साली या शहराच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज लागला, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. अब्बा शाळेची पायरी चढण्याआधीपासून ही चार नावे ऐकत आले आहेत. यंदा ते चौकातून परत आले तेव्हा एका कार्यकर्त्याने मोबाईलवर यादी बघून आमच्या घराच्या चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. पाच नावे नेहमीच्या शाळेत. अब्बांचे नाव रस्त्यापलीकडच्या शाळेत, दुसऱ्या प्रभागात.

अब्बांच्या नावापुढे त्यांच्या वडिलांच्या काळातला जुना घर क्रमांक राहिला होता, तो पलीकडच्या बाजूला गेला. दोष आमचाच. प्रारूप यादी नोव्हेंबरअखेरीस हरकतींसाठी उघडी होती. आम्ही ती शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतः पुढे पाठवली होती. स्वतःच्या घराची नावे मात्र तपासली नाहीत. त्या दोन्ही रविवारी आम्ही नई जिंदगीकडे फ्लॅट बघत होतो. तिथे पार्किंग आहे, मुलांना स्वतंत्र खोली आहे. मुलांच्या अब्बूंनी बयाणा देऊन टाकला. अब्बांना अजून नीट सांगितलेले नाही, पण एवढ्याशा घरात काय लपून राहते?

"मेरेकू मेरी गल्लीमेंच वोट डालना है," एवढेच ते म्हणाले आणि चिठ्ठी कुराणशरीफच्या रेहलखाली नाही, तर घड्याळाखाली ठेवली. नाराजीची वस्तू तिथे ठेवतात.

गुरुवारी साडेसातला मतदान सुरू झाले. होम मैदानावर गड्डा भरलेला, त्यामुळे शहरात दुप्पट गर्दी. आमच्या गल्लीत तर ईदसारखे वातावरण. बाहेर राहायला गेलेले सगळे त्या दिवशी आले. दीर नई जिंदगीहून मोटारसायकलवर दोन मुलांना पुढे-मागे बसवून, कोणी होटगी रोडवरून, कोणी जुळे सोलापूरहून. राहायचे तिकडे आणि मत इकडे, हे कायद्याला धरून नाही, हे आम्ही दिरांना सांगितले. ते म्हणाले, "भाभी, तिकडे अजून कोणाला ओळखत नाही." मग सगळ्यांनी आमच्याकडे नाश्ता केला. रात्रीच भरलेले पाणी दुपारपर्यंत निम्मे झाले.

अब्बांना आम्ही रस्ता ओलांडून नेले. त्या शाळेत ते कधी आत गेले नव्हते. रांगेत पुढे-मागे ओळखीचे कोणी नव्हते. केंद्राबाहेर लावलेली उमेदवारांची यादी त्यांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचली. आत गेले, शिटी वाजली, बाहेर आले. शाई लागलेले बोट कोटाच्या खिशात घातले.

"चौघांपैकी एकाला पण ओळखत नव्हतो," घरी येताना म्हणाले. "उद्या गल्लीत घाण पाणी आलं तर हे येणार नाहीत, आणि जे येतील त्यांना मी मत दिलेलं नाही."

शुक्रवारी जुम्म्याच्या आधीच फटाके सुरू झाले. कोण निवडून आले ते वाचकांनी वर्तमानपत्रात वाचले असेल. आमच्या चौघांत ती लाल झालेली बाईही आहे. दहा-बारा दिवसांनी ती गल्लीत आली. नवरा चार पावले मागे फोनवर बोलत होता. अम्मींनी तिला थेट चेंबरपाशी नेले. अब्बा वरून जिन्याने खाली आले आणि तिला सलाम करून म्हणाले, "बेटी, मी तुला मत दिलं नाही. देता आलं नाही. पण घर इथंच आहे." मग नाव कसे पलीकडे गेले ते सगळे सांगितले. तिने वही काढली, चेंबरचे लिहिले, दिव्याच्या खांबाचे लिहिले, रमजान तोंडावर आहे तर सहरीच्या वेळेच्या पाण्याचे लिहिले. अब्बांचे नावही लिहिले. नवरा एकदा पुढे येऊन काही बोलायला लागला, तिने वहीवरून मान वर केली नाही. हे किती दिवस टिकते ते बघू.

त्या संध्याकाळी आम्ही दुरुस्तीचा नमुना ८ काढून आणला. विधानसभेच्या यादीत पत्ता दुरुस्त झाला तरच पुढच्या वेळी नाव जागेवर येईल. अब्बा शेजारी बसले, मुलांचे अब्बू समोर. अर्जात सध्याच्या राहण्याच्या पत्त्याचा रकाना आला तेव्हा अब्बांनी विचारले, "कौनसा लिखरे?"

मुलांचे अब्बू चहा ढवळत राहिले. आम्ही गल्लीचा पत्ता लिहिला, नवा घर क्रमांक दोनदा तपासला. फ्लॅटच्या बयाण्याचे काय करायचे, ते बोलणे अजून व्हायचे आहे.