थाई शिकताना: डोळा, कान आणि जीभ

कामानिमित्त चार महिने बँकॉकला राहायचं होतं, म्हणून थाई शिकायला घेतली. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी प्रश्न आला: तुम्ही पाहून शिकता, ऐकून शिकता, की करून? आपल्याकडेही हल्ली मुलांना 'हा व्हिज्युअल लर्नर', 'ती ऐकून शिकणारी' अशी लेबलं लागतात. थाईने मला या प्रश्नाचं जरा वेगळं उत्तर दिलं.

मला अक्षरांची आवड, म्हणून सुरुवात लिपीपासून केली. थाईत ४४ व्यंजनं आहेत. प्रथम सगळी नुसती वेटोळी दिसतात. पण ही लिपी दक्षिण भारतातून ख्मेरमार्गे तिकडे पोचलेली, त्यामुळे क्रम आपलाच: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग... आणि शेवटाकडे 'ह'नंतर चक्क 'ळ'! उच्चार मात्र 'ल'. खेळांना थाईत 'कीला' म्हणतात, पण लिहिताना त्यात हाच 'ळ' येतो. प्रत्येक अक्षराला ओळखीचं नाव असतं. 'क' कोंबडीचा, पहिला 'ख' अंड्याचा, पुढचा आणखी एक म्हशीचा, म्हणजे 'ख्वाइ'चा. हा म्हशीचा 'ख' मुळात आपला 'ग'. थाईत त्याचा उच्चार 'ख' झाला, म्हणून नगराचं 'नखॉन' आणि गुरूचा 'ख्रू'. एवढं कळल्यावर स्कायट्रेनचा प्रवास म्हणजे खेळच झाला. 'साफान ख्वाइ' स्टेशन म्हणजे म्हशींचा पूल. 'राचथेवी'ची पाटी अक्षरश: वाचली तर 'राजदेवी'.

पण पाट्या वाचता आल्या म्हणून बोलता येत नाही. थाईत ५ सूर आहेत. 'मा' सपाट म्हटलं तर 'ये', उंच म्हटलं तर घोडा, खालून वर चढवत म्हटलं तर कुत्रा. व्यंजनांचे तीन गट आणि सुरांच्या खुणा पाहून नियमाने सूर काढता येतो, पण तो हिशेब होईपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. इथे कानच हवा. आमच्या वर्गात गाणं शिकलेली एक मुलगी होती. तिला दहा अक्षरंही येत नव्हती, पण सूर अचूक लागायचे. तिचं ऐकून मीही गाडीत 'सथानी तो पाइ' म्हणजे 'पुढचं स्टेशन' ही घोषणा मनात म्हणू लागले.

मग तीन आठवड्यांसाठी आई आली. तिला ना लिपीत रस, ना सुरांत. ती रोज सकाळी भाजीबाजारात जायची.

"अगं आई, आधी आकडे तरी वहीत लिहून घे."

"वहीत लिहून कोथिंबीर मिळते का?"

'थाओ राइ?' म्हणजे केवढ्याला, 'फॅंग पाइ' म्हणजे फार महाग, आणि आम्हा शाकाहाऱ्यांना सर्वांत गरजेचं 'माइ साइ नाम प्ला', म्हणजे माशांचा सॉस घालू नका. आईला एवढं आठवडाभरात आलं. तिथे बायका वाक्याच्या शेवटी आदराने 'खा' म्हणतात. आईला वाटलं, आग्रहच करताहेत. दोन दिवसांत तीही भाजीवालीला 'खा' म्हणू लागली.

मग शिकण्याची शैली असते की नसते? मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकता येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मला वाटतं, आवड आपली असते आणि सुरुवात तिथूनच करावी, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात वही बंद होते. पण पुढे भाषाच ठरवते. पाटीला डोळा लागतो, सुराला कान, बाजारात जीभ. आणि तिघांनाही लागतं ते रोज थोडं थोडं करणं आणि वही मिटून आठवून पाहणं.

हे तुम्हा तरुण मंडळींना सांगण्याचं कारण घरातलंच आहे. बडोदा, इंदूर, हैदराबादमध्ये वाढलेली आपली बरीच मुलं घरी छान मराठी बोलतात, पण मराठी पान समोर आलं की म्हणतात, "मला वाचायला जमत नाही." तुमची मराठी कानाने आली आहे, माझ्या आईच्या थाईसारखी. ती कमी प्रतीची मुळीच नाही. राहिलं आहे ते डोळ्याचं काम, आणि ते थाईपेक्षा कितीतरी सोपं आहे. घरात आजीची पदार्थांची वही असेल तर रोज एक पान तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचा. अडेल तिथे ती सांगेल. वही कपाटात पुष्कळ वर्षं टिकेल, पण सांगणारी आजी आज आहे.